लगाम कसा घडतो? : नवजात मेंदूतील अवरोधक जोडण्या



ज्या शाळेत पाटीवर पहिली अक्षरे गिरवली, तिच्याच प्रांगणात गुरुजींच्या स्मृतिदिनी बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. आपल्या भागात शासनाची भाषा हिंदी, बाजाराची मिश्र, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरची मराठी किंवा पोवारी. समितीने मला मराठीत बोलण्यास सांगितले. आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र इंग्रजीत शिकवल्यानंतर तेच मायबोलीत सांगणे ही माझी परीक्षाच आहे.

विषय निवडताना मला फार शोधावे लागले नाही. १९५८ च्या पावसाळ्यात आमच्या घरी धाकटा भाऊ जन्मला. दाईने भाताच्या विळ्याने नाळ कापली आणि कापल्या जागी चुलीतील राख लावली. त्या काळी सर्वत्र हीच रीत होती, त्यात तिचा वेगळा दोष नव्हता. बाळ रडले, दूध प्याले. सहाव्या दिवशी मात्र त्याने स्तन तोंडात धरणे सोडले. सातव्या दिवशी कोणी हात लावला, दार वाजले, तरी त्याचे अंग काठीसारखे ताठ होई. आठव्या दिवशी ते गेले. आजीने सटवाईच्या लेखाला बोल लावला. मी शाळेत येऊन गुरुजींना विचारले, “तो ताठ का झाला?” गुरुजींनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही. ते म्हणाले, “मला ठाऊक नाही. तू शीक, आणि मग मलाही सांग.” ते हयात असताना मी त्यांना अर्धे उत्तर सांगू शकलो. उरलेले अर्धे विज्ञानालाच पुढील काळात सापडले. आज ते दोन्ही आपल्यापुढे ठेवतो.

थांबवण्याचे कार्य

मेंदू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हुकूम देणारे यंत्र येते. परंतु मेंदूचे निम्मे शहाणपण हुकूम रोखण्यात आहे. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढील बाजूचा स्नायू आकुंचन पावतो आणि त्याच क्षणी मागील बाजूचा स्नायू सैल पडतो. तो सैल पडावा म्हणून मेरुरज्जूतील काही चेतापेशी त्याला हुकूम देणाऱ्या पेशींना गप्प करतात. या गप्प करण्याला अवरोधन म्हणतात. इंग्लंडमधील चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखवले की, अवरोधन म्हणजे हुकुमाचा केवळ अभाव नव्हे, ती स्वतंत्र आणि सक्रिय क्रिया आहे. १९३२ साली एड्रियन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्या व्याख्यानासाठी त्यांनी अवरोधन हाच विषय निवडला होता.

हे काम कोणत्या रसायनाने होते, याचा उलगडा नंतर झाला. १९५० साली मेंदूमध्ये गॅबा नावाचे एक साधे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात असल्याचे आढळले, आणि १९५७ साली मेंदूच्या अर्कातील अवरोधक द्रव्य म्हणजे हेच, हे सिद्ध झाले. मेरुरज्जूत त्याच्या जोडीला ग्लायसिन नावाचे दुसरे द्रव्य काम करते. प्रौढ मेंदूच्या बाह्यस्तरात पाचातील साधारण एक चेतापेशी या अवरोधक जातीची असते. संख्येने त्या थोड्या, परंतु बैल कितीही दमदार असले तरी कासरा हाती नसेल तर गाडी खड्ड्यात जाते, तशी त्यांच्याविना मेंदूची गत होते.

उत्तराचा पहिला अर्धा भाग

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. मळलेल्या विळ्यातून किंवा राखेतून ते नाळेच्या मृत होत चाललेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या भागात शिरतात आणि तेथे विष तयार करतात. हे विष चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरून त्यांच्याच वाटेने मेरुरज्जूपर्यंत चढते, आणि तेथे अवरोधक पेशींमध्ये प्रवेश करते. ग्लायसिन आणि गॅबा ज्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले असतात, त्या पिशव्या रिकाम्या होण्यासाठी सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचे प्रथिन लागते. धनुर्वाताचे विष नेमके हेच प्रथिन कात्रीसारखे कापते, हे १९९२ साली सिद्ध झाले.

परिणाम काय होतो? हुकूम देणाऱ्या पेशी शाबूत राहतात, त्यांना आवरणाऱ्या मुक्या होतात. पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी ओढू लागतो, आणि ज्याचे बळ अधिक त्याची सरशी होते. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाचे नाव त्यावरूनच पडले आहे. दाराचा आवाज एरवी बाळाला किंचित दचकवून विरून गेला असता, तो आता सर्व शरीरभर पसरतो. बाळाला भूक असते, शुद्धही असते, पण ओठ उघडता येत नाहीत. माझा भाऊ ताठ झाला तो बळ वाढल्यामुळे नव्हे. त्याचा लगाम कापला गेला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जे घरात असते तेच चोर नेऊ शकतो. सात दिवसांच्या बाळाला धनुर्वात असा पछाडतो, याचा अर्थ त्याच्या मेरुरज्जूतील आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातील अवरोधन जन्माच्या वेळी तयार झालेले असते. चोखणे, गिळणे, श्वास घेणे ही कामे पहिल्या दिवसापासून नीट चालतात ती त्याच्याच जोरावर. मग वरच्या मोठ्या मेंदूचे काय? तेथेही लगाम तयार असतो काय? येथून उत्तराचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो.

दूरवरून येणाऱ्या पेशी

सस्तन प्राण्यांच्या मेंदूची मांडणी गर्भावस्थेत कशी ठरते, यावर आपल्याकडेही मोलाचे संशोधन झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भावर काम करून २००८ साली दाखवले की, एलएचएक्स-२ हे जनुक पेशींना मेंदूचा बाह्यस्तर होण्याची ओळख देते. ते नसेल तर त्याच पेशी निराळ्या मार्गाला लागतात. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग कोठे घडावा, याचाही संबंध या निवडीशी आहे. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार डॉ. टोळे यांना मिळाला.

बाह्यस्तरातील उद्दीपक पेशी तेथल्या तेथेच जन्म घेतात. अवरोधक पेशी मात्र, हे १९९७ साली उंदरांमध्ये स्पष्ट झाले, मेंदूच्या खालच्या अंगाला जन्मतात आणि लांबचा आडवा प्रवास करून वर येतात. जणू गावचा कोतवाल परगावाहून यावा! माणसात हा प्रवास जन्मानंतरही संपत नाही. बाळाच्या मेंदूच्या पुढील भागात अशा तरुण पेशी जन्मानंतर कित्येक महिने येतच असतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे पाळण्यातील बाळाच्या मेंदूत लगाम धरणारे सगळे हात अजून पोहोचलेले नसतात.

बांधीतले पाणी

याहून मोठे आश्चर्य १९८९ साली पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांच्या हाती लागले. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्यांनी विद्युत नोंदी घेतल्या. प्रौढ पेशीला गप्प करणारा गॅबा या पिल्लांच्या पेशींना गप्प न करता उत्तेजित करत होता! पहिल्या आठवड्यात त्याच्यामुळे पेशींच्या जाळ्यात मोठमोठ्या लाटा उसळत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच गॅबाने पेशी शांत होऊ लागल्या.

एकच द्रव्य दोन विरुद्ध कामे कशी करते, हे समजण्यासाठी आपल्या धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आणा. दोन बांध्यांमधील धुरा फोडून वाट करून दिली, तर पाणी कोणत्या बाजूला जाईल? ज्या बांधीत पातळी कमी, तिकडे. वाट करून देणारा दिशा ठरवत नाही, दिशा पाण्याची पातळी ठरवते. गॅबाचे काम केवळ वाट करून देण्याचे आहे. पेशीच्या आवरणातील क्लोराइडची दारे तो उघडतो. क्लोराइडचे कण ऋणभारित असतात. प्रौढ पेशीच्या आत क्लोराइड कमी असते, म्हणून दार उघडताच ते आत शिरते, पेशी अधिक ऋण होते आणि शांत राहते. नवजात पेशीत क्लोराइड साठलेले असते, म्हणून दार उघडताच ते बाहेर पडते, पेशीचा ऋणभार घटतो आणि पेशी चेतते.

ही पातळी राखणारे दोन पंप पेशीच्या आवरणातच असतात. एनकेसीसी-१ हा क्लोराइड आत भरतो. केसीसी-२ हा उपसून बाहेर टाकतो. कोवळ्या मेंदूत पहिल्याचा जोर असतो, दुसरा जवळजवळ नसतो. वय वाढते तसा दुसरा बसवला जातो आणि गॅबाचे काम उलटते. केसीसी-२ चे हे कार्य हेलसिंकी येथील काई काइला यांच्या गटाने १९९९ साली सिद्ध केले. हा बदल खालून वर सरकतो. मेरुरज्जू आणि मेंदूचा तळ यांत आधी होतो, बाह्यस्तरात सर्वांत शेवटी. माणसात ही क्रिया गर्भारपणाच्या उत्तरार्धात सुरू होऊन जन्मानंतरही काही काळ चालते. म्हणूनच माझ्या भावाच्या मेरुरज्जूत लगाम तयार होता, पण त्याच क्षणी त्याच्या मोठ्या मेंदूत तो अजून वळला जात होता.

निसर्गाने असे का केले असावे?

ही निसर्गाची चूक नव्हे. नव्या पेशींना एकमेकींशी जोडणी करण्यासाठी आपसात बोलावे लागते. उद्दीपनासाठी प्रौढपणी वापरल्या जाणाऱ्या जोडण्या आरंभी फार थोड्या असतात, गॅबाच्या जोडण्या त्यांच्याआधी तयार होतात. म्हणून घर बांधताना पुढे भिंत होणारीच वीट आधी पायाड म्हणून वापरावी, तसा गॅबा वापरला जातो. त्याने उठवलेल्या लाटांमुळे पेशींमध्ये कॅल्शियम शिरते आणि त्यांची वाढ व जोडणी यांना चालना मिळते.

तरीही सावधपणे बोलले पाहिजे. २०१५ साली जिवंत पिल्लांच्या बाह्यस्तरावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, गॅबा एकेका पेशीला किंचित चेतवतो, पण सर्व जाळ्याला मात्र आवरूनही धरतो. धुऱ्याला खिंडार असेल तर बांधीत थोडे पाणी येईलही, पण ती काठोकाठ भरत नाही. तसेच काहीसे येथे घडते. म्हणून नवजात मेंदूत लगाम मुळीच नाही असे म्हणू नये. तो कच्च्या सुताचा आहे, इतकेच म्हणावे.

आणखी एक विलक्षण निरीक्षण २००६ सालचे. उंदरांमध्ये प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरात स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पिल्लाच्या मेंदूतील गॅबाला काही काळापुरते शांत करणारे बनवते. जन्माच्या अवघड घटकेला कोवळ्या पेशी मुक्या राहाव्यात आणि प्राणवायूची कमतरता त्यांना सोसावी, अशी ही व्यवस्था दिसते. माणसात ती कितपत लागू पडते, हे सिद्ध व्हायचे आहे.

बाळाचे झटके

आता या ज्ञानाचा घराशी संबंध पाहू. आयुष्यातील इतर कोणत्याही काळापेक्षा नवजात अवस्थेत झटके येण्याचा धोका अधिक असतो, आणि त्यांचे एक प्रमुख कारण म्हणजे जन्मताना प्राणवायू कमी पडणे. कच्चा लगाम आणि त्यात पेशींची शक्ती संपलेली, असा हा दुहेरी घाला असतो. क्लोराइडची पातळी राखण्यासाठी शेवटी पेशीची ऊर्जाच खर्ची पडते, आणि प्राणवायूविना ऊर्जा कोठून येणार?

अशा बाळाला सर्वत्र प्रथम फेनोबार्बिटोन दिले जाते. हे औषध गॅबाचे दार अधिक वेळ उघडे ठेवते. परंतु पाण्याची पातळीच उलटी असेल तर दार अधिक उघडून काय साधणार? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत या औषधाने निम्म्याहून कमी बाळांचे झटके पूर्ण आटोक्यात आले, दुसऱ्या जुन्या औषधाचे यशही जवळजवळ तितकेच होते. त्याहूनही फसवी गोष्ट अशी की, औषधानंतर काही बाळांची हालचाल थांबते, पण मेंदूच्या विद्युत आलेखात झटका चालूच राहतो. खालचे भाग पक्व झालेले, म्हणून तेथे औषध लागू पडते. बाह्यस्तर कच्चा, म्हणून तेथे पडत नाही. २००९ साली पिल्लांवरील प्रयोगांतून मांडलेला हा खुलासा मला पटण्यासारखा वाटतो. बाळ शांत दिसते म्हणजे मेंदू शांत झाला असे नव्हे.

मग क्लोराइड आत भरणारा पंपच औषधाने बंद केला तर? ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारे जुने औषध तसे करते, आणि प्राण्यांमध्ये ते आशादायक ठरले होते. परंतु युरोपातील चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटके अपेक्षेइतके आटोक्यात आले नव्हते आणि काही बाळांच्या श्रवणशक्तीला इजा झाली होती. सुंदर सिद्धांतानेही रुग्णशय्येपाशी नम्र व्हावे लागते. दुसरीकडे, २०२० सालच्या एका चाचणीत फेनोबार्बिटोनने नव्या औषधाला बरेच मागे टाकले. म्हणून माझे बोलणे ऐकून कोणी डॉक्टरांनी दिलेले औषध नाकारू नये. आज उपलब्ध असलेले पहिले औषध तेच आहे.

घरच्यांनी मात्र एक ओळखावे. नवजात बाळाचा झटका मोठ्या माणसाच्या फेफऱ्यासारखा क्वचितच दिसतो. एकटक नजर, ओठांची विनाकारण चाळवाचाळव, सायकल चालवल्यासारखे पाय हलणे, मधेच श्वास थांबणे, अशी त्याची रूपे असतात. हातपाय नुसते थरथरत असतील आणि हलकेच धरताच थांबत असतील, तर तो बहुधा झटका नसतो. धरूनही थांबत नसतील, किंवा दूध पिणारे बाळ पिणे सोडत असेल, तर अंगारा-धूप करत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

नदीच्या खालच्या अंगाला

आपली वैनगंगा येथून खाली भंडारा जिल्ह्यात उतरते आणि पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते. त्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून त्यावर उपचार करणे, ही कामे त्या करू लागल्या. १९९३ ते १९९५ या काळात तेथे दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ पर्यंत ती संख्या २५.५ वर आली. १९९९ साली हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी काळजी देशभरच्या योजनेचा भाग झाली. त्या स्त्रियांना क्लोराइडचे पंप ठाऊक नव्हते. पण पहिल्या मिनिटात दिलेला श्वास त्या पंपांची ऊर्जा वाचवतो, आणि घडत असलेला लगाम तुटू देत नाही.

धनुर्वाताचीही कथा तशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगात ७,८७,००० नवजात बालके त्याने दगावली. गर्भवती मातेला लस दिली की तिची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. त्याच्या जोडीला स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि काहीही न लावलेली स्वच्छ नाळ, एवढ्यावर हा रोग हटला. २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. उच्चाटन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मात्र मातीत आहेतच, त्यामुळे लस आणि स्वच्छता सुटली की रोग परत येईल.

मित्रहो, लगाम जन्मतःच तयार मिळत नाही. त्यासाठी पेशींना लांबून यावे लागते, पाण्याची पातळी बदलावी लागते, आणि त्यास काही महिने लागतात. तेवढा काळ ते मूल आपल्या हाती सोपवलेले असते. त्याच्या मेंदूला स्वतःला आवरता येईपर्यंत त्याच्या भोवतीच्यांनी त्याला सांभाळायचे असते.

गुरुजींना मी जे सांगायला हवे होते, ते आज येथे, त्यांच्या फळ्यासमोर सांगून झाले. विज्ञानाचे जे अजून ठाऊक नाही, ते समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कोणीतरी शिकावे, आणि मग या शाळेत येऊन सांगावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.